माथ्याकडून पायथ्याकडे : तीन गावांची वाट



देवदर्शनाला आपण सगळेच जातो. जेजुरीला जातो, मोरगावला जातो, नगरवरून पुढे शिर्डीला जातो. याच वाटांच्या आसपास तीन गावे अशी आहेत की, त्यांच्यासाठी मुद्दाम एक-दोन दिवस जास्त काढावेत. पुरंदर तालुक्यातले नायगाव, पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातले हिवरे बाजार. तेथे किल्ला नाही, धबधबा नाही, फोटो काढण्यासारखे फारसे काही नाही. आहेत ते चर, बांध, गवत, विहिरी आणि पाझर तलाव. पण आपल्या गावाच्या विकास आराखड्यात आधी काय घ्यावे आणि नंतर काय घ्यावे, यावर प्रत्येक ग्रामसभेत जी ओढाताण चालते, तिचे उत्तर या वाटेवर उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळते.

एकाने दोनशे फुटांचे बोअर घ्यावे, शेजाऱ्याने तीनशेचे घ्यावे, मग पहिल्याचे आटावे आणि त्याने पाचशेचे घ्यावे, हा खेळ तुमच्या शिवारातही चालू असेल. मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे अशा भोकात गेलेली घरे तुम्हाला माहीत असतील. म्हणून ही वाट नुसती मौजेची नाही. पदरचा पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये, हे ठरवण्याची ती वाट आहे.

पाऊस कुठे अडतो

पुण्याहून सासवडकडे निघालात की दिवे घाट लागतो. घाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो. माथ्यावर पोचून पुढे पाहिलेत की कऱ्हा नदीचे खोरे समोर पसरते. या तालुक्यातले अंजीर आणि सीताफळ तुम्ही बाजारात पाहिलेच असेल. हलक्या, उताराच्या जमिनीत आणि थोड्या पाण्यावर तग धरणारी ही फळे येथे उगाच रुजलेली नाहीत. येथला पाऊसच तसा आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तोच पाऊस पूर्वेला फलटणच्या बाजूस उतरेपर्यंत पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. ढग डोंगरावर रिते होतात आणि पलीकडे उरतो तो वारा. हा पर्जन्यछायेचा पट्टा नाशिक, नगर, पुणे, सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांतून उभा गेलेला आहे. तीनही गावे त्याच पट्ट्यातली.

दुसरी गोष्ट पायाखालची. आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या पाषाणावर बसलेला आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटका खडक आणि त्याखाली अखंड काळा पाषाण. पाणी राहते ते मुरमात आणि फुटक्या खडकात. आपल्या जुन्या विहिरी त्याच थरात खोदलेल्या आहेत आणि दरवर्षीच्या पावसाने तोच थर भरतो. खोल बोअरला लागते ते खालच्या भेगांत वर्षानुवर्षे साठलेले पाणी. ते एकदा उपसले की परत भरायला फार काळ जातो. वरचा थर हे आपले चालू खाते आणि खालच्या भेगा ही वाडवडिलांची ठेव, असे समजा. ठेव मोडून रोजचा खर्च करणारे घर किती दिवस चालेल?

नायगाव : पाणी कुणाचे?

सासवडच्या पूर्वेला नायगाव आहे. १९७२ च्या दुष्काळात या भागातली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. ते दृश्य पाहून पुण्यात कारखाना चालवणारे अभियंते विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. लोकांना दरवर्षी खडी फोडायला लावण्यापेक्षा त्यांच्याच जमिनीवर पाणी अडवता येणार नाही का, असा त्यांनी विचार केला. १९७४ साली त्यांनी नायगावच्या देवस्थानाची १६ हेक्टर, म्हणजे चाळीस एकर, उघडी-बोडकी माळजमीन भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याला तळे केले, तळ्याखाली विहीर काढली आणि तेच पाणी उचलून वरच्या शेताला दिले. माळावर पीक उभे राहिले.

येथपर्यंतचे काम अनेकांनी केले असते. साळुंखे यांचे मोठेपण पुढच्या प्रश्नात आहे. अडवलेले पाणी कुणाचे? ज्याची जमीन मोठी त्याचे? ज्याची मोटार मोठी त्याचे? त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली आणि तिचे नियम ठरले. पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटायचे. घरातल्या दर माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. उसासारखे पाणीखाऊ पीक घ्यायचे नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उचलायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जायचा नाही.

अर्धा एकर म्हणजे फार थोडे, असे तुम्हाला वाटेल. पण ज्या घराला आजवर शून्य मिळत होते, त्या घराला अर्ध्या एकराची ज्वारी आणि भाजी म्हणजे स्थलांतर थांबणे होय. हेही सांगितले पाहिजे की, पाणी पंचायतीच्या नमुन्यावर उभ्या राहिलेल्या सर्वच उपसा योजना टिकल्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी एकोपा मोडला आणि पंप बंद पडले. साळुंखे २००२ साली वारले. पण त्यांनी विचारलेला प्रश्न बाद झालेला नाही. पाणी अडवण्याआधी वाटपाचा नियम ठरला नाही, तर अडवलेले पाणी सर्वांत आधी सर्वांत मोठ्या पंपाकडे जाते.

राळेगणसिद्धी : आधी घरातली गळती

पुणे–नगर रस्त्याने शिरूर ओलांडून पुढे गेलात की वाडेगव्हाणजवळून राळेगणसिद्धीला वाट फुटते. अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ साली गावी परतले, तेव्हा हे गाव दारूच्या भट्ट्यांबद्दल प्रसिद्ध होते. पीक निम्म्या गावाला पुरत नव्हते. अण्णांनी आधी यादवबाबांचे देऊळ दुरुस्त केले आणि गावाला एकत्र बसायला जागा मिळाली. मग दारू बंद झाली. पाण्याच्या कामाला हात लागला तो त्यानंतर. पुरंदरमधले साळुंखे यांचे काम अण्णांनी पाहिले होते आणि तीच पद्धत त्यांनी गावात आणली.

गावाला सरकारी पाझर तलाव होता, पण त्यात पाणी ठरत नव्हते. लोकांनी श्रमदान करून तो दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना पाझर फुटला. नवे धरण मागण्याआधी जुने का गळते ते पाहा, हा धडा तेथे घ्यावा. आपल्या तालुक्यात गाळाने भरलेले, सांडवा फुटलेले, झाडाझुडपांनी बुजलेले किती बांध आहेत ते एकदा मोजा. आराखड्यात नव्या कामाचे नाव घालणे सोपे असते, कारण त्याचे नारळ फुटतात. दुरुस्तीचा नारळ कुणी फोडत नाही.

नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री येथून सर्वत्र गेली. वाचताना हे सारे नीतिपाठासारखे वाटते, पण प्रत्येक सूत्राचा जमिनीशी संबंध आहे. कुऱ्हाड थांबली नाही तर माथ्यावरचे झाड राहत नाही. मोकाट चराई थांबली नाही तर गवताला बी धरत नाही. गवत नसले की पहिल्याच पावसात माती ओढ्याला लागते आणि तुम्ही मोठ्या कष्टाने बांधलेला बंधारा तीन वर्षांत गाळाने भरतो.

हिवरे बाजार : हिशेब ठेवणारे गाव

नगर शहराच्या पश्चिमेला सोळा-सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, तरी येथले लोक बोलताना नगरच म्हणतात. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर आणि पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या घरात. भोवती डोंगर आहेत, पण एके काळी ते बोडके झाले होते. गावातले तंटे मोठे आणि लोक कामासाठी मुंबई-पुण्याला. येथे बदली होणे ही सरकारी नोकराला शिक्षा वाटे.

१९८९ साली गावातल्या तरुणांनी शिकलेल्या पोपटराव पवारांना सरपंच केले. राळेगणचा नमुना डोळ्यांसमोर होताच. पुढे गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आले. गावाजवळच्या सुमारे ७० हेक्टर वनखात्याच्या डोंगरावर सलग समतल चर खोदले गेले, झाडे लागली, चराई बंद झाली. शेतांना बांध पडले. मग ओढ्यावर बंधारे आणि सर्वांत शेवटी पाझर तलाव झाले. कामे बरीचशी रोजगार हमीतून झाली. म्हणजे खास वेगळा पैसा कुठून आला असे नाही. आपल्याही तालुक्यात आला तोच पैसा तेथे आला, फक्त तो क्रमाने खर्च झाला.

१९९५ सालच्या पाहणीत गावातल्या १८२ कुटुंबांपैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पंधरा वर्षांनी, २०१० च्या सुमारास, ती तीनवर आली. गावाचे दूध दिवसाला सुमारे दीडशे लिटर होते, ते वाढत चार हजार लिटरच्या घरात गेले. हे दूध कशावर वाढले? डोंगरावरच्या गवतावर. जनावर डोंगरावर न्यायचे नाही, गवत कापून जनावराकडे आणायचे, एवढ्या एका नियमावर. गेलेली कित्येक घरे परत आली. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

पण माझ्या मते हिवरे बाजारात पाहण्यासारखी खरी गोष्ट बांध नव्हे, हिशेब होय. गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. ऊस आणि केळी नाकारली. २००४ पासून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या मदतीने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. पावसाळा संपला की किती पाऊस झाला, विहिरींत किती पाणी आहे, ते मोजायचे. त्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे. उरले असेल त्यावर रब्बीची पिके ग्रामसभेत ठरवायची. पाऊस कमी तर पाणी पिणारी पिके कमी. पाणी आले म्हणून हात सैल सोडणारी गावे पुष्कळ पाहिली. पाणी आल्यावर हात आवरणारे हे गाव आहे आणि म्हणूनच ते टिकले.

हा हिशेब तुम्हीही करा

पाटी-पेन्सिल घ्या. एक हेक्टरवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी दहा लाख लिटर होते. चारशे मिलिमीटरचे चाळीस लाख लिटर झाले. हिवरे बाजारच्या ९७७ हेक्टरांवर हे सुमारे ३९० कोटी लिटर होतात. आकडा डोळे दिपवतो. पण यातले बरेचसे उन्हाने उडते, पिके आणि झाडे पितात, काही वाहून जाते. आपल्या पाषाणी भागात जमिनीत मुरून विहिरीपर्यंत पोचणारा वाटा दहा टक्क्यांच्या आगेमागे असतो. चांगल्या कामाने तो वाढतो. दहा टक्के धरले तर हेक्टरी चार लाख लिटर झाले.

आता ऊस घ्या. पाटाने दिलेल्या पाण्यावर उसाला हंगामात दोन हजार मिलिमीटर पाणी धरले, तर हेक्टरी दोन कोटी लिटर लागते. त्यातले चाळीस लाख पावसाने दिले असे माना. बाकीचे एक कोटी साठ लाख विहिरीतून आणायचे. म्हणजे चाळीस हेक्टर शिवारात मुरलेले सगळे पाणी एका हेक्टर उसाने प्यायचे. ठिबकने ही गरज बरीच कमी होते, हे खरे. तरीही उरलेल्या एकोणचाळीस हेक्टरांच्या धन्यांनी काय करायचे, हा प्रश्न राहतोच.

दुसरा हिशेब घरातला. माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे वीस हजार लिटर होतात. उसासाठी उपसलेल्या त्या एक कोटी साठ लाख लिटरांत आठशे माणसांचे वर्ष निघते. एप्रिल-मेमध्ये टँकरमागे हंडे घेऊन धावणाऱ्या आया-बहिणी पाहिल्यात की हा आकडा आठवा. पाऊस सर्वांच्या शिवारावर पडतो, उपसतो मात्र एखादाच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मोठ्या धरणाची वाट पाहावी असे कुणी म्हणेल. राज्याच्या दुसऱ्या जल व सिंचन आयोगाने १९९९ साली मांडले होते की, नद्यांचे आणि जमिनीखालचे सारे पाणी वापरले तरी २२५ लाख हेक्टर लागवडीयोग्य जमिनीपैकी १२६ लाख हेक्टरच भिजू शकते. बाकीच्या जमिनीला पाट येणारच नाही. तेथे पडलेला पाऊस जागेवर मुरवणे, एवढाच मार्ग आहे.

आधी काय, नंतर काय

तीनही गावे पाहून क्रम असा दिसतो.

पहिले, माथा. डोंगरावर दोन फूट रुंद आणि एक फूट खोल असा समतल चर शंभर मीटर खोदला की तो एकदा भरल्यावर अठरा हजार लिटर पाणी धरतो. पावसाळ्यात तो पुनःपुन्हा भरतो. चराच्या भरावावर गवत आणि झाडे लावावीत.

दुसरे, चराईचा नियम आणि चाऱ्याची सोय. नियम आधी ठरला नाही तर चर आणि रोपे दोन्ही जातात. मेंढपाळ आणि भूमिहीन घरांच्या शेळ्यांचे काय, हेही त्याच बैठकीत ठरवावे. कापणीच्या गवतात त्यांचा वाटा आधी लिहावा. गरिबाच्या पोटावर पाय देऊन केलेली चराईबंदी एका हंगामापलीकडे टिकत नाही.

तिसरे, शेतांची बांधबंदिस्ती. माती राहिली तर ओल राहते.

चौथे, ओढ्यावरचे दगडी बांध, नालाबांध, पाझर तलाव आणि जुन्या कामांची दुरुस्ती.

पाचवे, पिण्याच्या पाण्याची राखीव विहीर आणि तिच्या आसपास उपसाबंदी.

सहावे, ताळेबंद आणि पिकांचे नियोजन. नव्या विहिरी, शेततळी, फळबाग हे सारे त्यानंतर.

आपल्याकडे नेमके उलटे होते. सुरुवात ओढ्यातल्या सिमेंटच्या बंधाऱ्यापासून होते, कारण तो रस्त्यावरून दिसतो. माथा तसाच राहतो. जेसीबीने ओढा खोल-रुंद केला की वर्षभर पाणी दिसते, पण माथ्यावरची माती येतच राहते.

आणखी एक गोष्ट. पाणी गावाची शीव ओळखत नाही. वरच्या गावाने माथा राखला तर खालच्या गावाचा ओढा उशिरापर्यंत वाहतो. शेजारच्या गावाने शिवेला लागून खोल बोअरची रांग लावली तर राखणाऱ्याचेही पाणी ओढले जाते. म्हणून आराखडा एका गावाचा न करता एका ओढ्यावरच्या सर्व गावांचा करावा. निदान वरच्या आणि खालच्या गावाच्या सरपंचांना आपल्या बैठकीला बोलवावे. साळुंखे यांचे काम अण्णांनी पाहिले, राळेगणचे हिवरे बाजारने पाहिले. शहाणपण असेच गावोगाव पाझरत जाते.

जाल तेव्हा

शक्य तर दोनदा जा. एकदा ऑक्टोबरात, गवत कापणीला आले असताना, आणि एकदा मे महिन्यात. खरी परीक्षा मे महिन्यातली. बंधारा पाहू नका, विहिरीत डोकावा. किती हातांवर पाणी आहे ते तेथल्या माणसांना विचारा. नियम मोडणाऱ्याचे काय करता, तेही विचारा. घरातल्या बायामाणसांना बरोबर न्या. हंडा ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांचे प्रश्न वेगळे असतात आणि उत्तरे त्यांनाच लवकर कळतात. भाकरी घरूनच बांधून न्या. गावाला पाहुण्यांचा भार होऊ देऊ नये.

परत आल्यावर खर्चाचे काही करू नका. शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक बसवा आणि मुलांना रोज सकाळी आकडा लिहायला सांगा. गावातल्या पाच विहिरी निवडून दर महिन्याच्या एक तारखेला दोरीने पाण्याची खोली मोजा. वहीचे पान चावडीवर लावा. वर्षभरात ही वही कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलू लागेल.

पुढच्या ग्रामसभेत विकास आराखड्याची यादी वाचली जाईल. त्यात रस्ता असेल, सभामंडप असेल, बंधारा असेल. तेव्हा उठून एवढेच विचारा की, माथ्याचे काम कितव्या क्रमांकावर आहे आणि अडलेल्या पाण्याच्या वाटपाचा नियम कुठे लिहिला आहे? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.